फेलोशिप मिळाली, पण विचारायचे कोणाला?
कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करणाऱ्या परभणीच्या मुला-मुलींसाठी

फेलोशिपसाठी कसे लढायचे, हे आपल्या मुलांना आता चांगले कळते. बार्टीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्तीच्या २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांचा प्रश्न आझाद मैदानावर गाजला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपचे दारही उघडे आहे. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीने जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार आणि एसआरएफची ४२ हजार केली. हप्ता थकला तर निवेदन कुठे द्यायचे, मोर्चा कुठे न्यायचा, हे कोणाला शिकवावे लागत नाही.

पण पैसा सुरू झाल्यावर पुढची पाच वर्षे कशी काढायची, हे सांगणारे घरात कोणी नसते. सेलू, पूर्णा, गंगाखेड, जिंतूरकडच्या बहुतेक मुलांच्या घरात ते पहिलेच पदवीधर असतात. विषय कसा निवडायचा, पेपर कुठे पाठवायचा, नाकारला गेला तर काय करायचे, या गोष्टी प्राध्यापकाच्या मुलाला जेवताना ऐकून कळतात. आपल्या मुलाला त्या कळेपर्यंत जेआरएफची दोन वर्षे संपलेली असतात.

यावर लगेच उत्तर येते : गाईड आहे की! गाईड आहे, पण गाईड आणि मेंटॉर ही एकच व्यक्ती असते असे नाही. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यात परीक्षा, प्रवेश, नॅकची कागदपत्रे. चांगल्या मनाचा गाईडसुद्धा सहीपुरता उरतो. आपल्या परंपरेला हा फरक जुना आहे. विनयात नव्या भिक्खूसाठी उपज्झाय आणि आचरिय असे दोन आधार सांगितले आहेत. उपज्झाय नसेल, तर आचरियाचा निस्सय, म्हणजे आश्रय घ्यायचा. चांगल्या शिकलेल्या भिक्खूनेही पाच वर्षे कोणाच्या तरी निस्सयात राहावे, असा नियम आहे. आणि तिथे कर्तव्ये एकट्या शिष्याची नाहीत, गुरूचीही आहेत.

बाबासाहेबांकडे पाहा. मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती बुद्धचरित्र देणारे आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे काही त्यांचे गाईड नव्हते. कोलंबियात एडविन सेलिग्मन भेटले. बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मननी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. लंडनमध्ये एडविन कॅनन हे मार्गदर्शक होते. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि त्या प्रस्तावनेतच त्यांनी आपल्याला या लेखकाचे बरेचसे मुद्दे पटत नसल्याचे सांगून टाकले आहे. तरीही प्रस्तावना लिहिली. आपल्याकडे गाईडशी मतभेद झाला की मुलगा सही मिळेल का या धास्तीने गप्प बसतो, म्हणून ही गोष्ट मला फार मोठी वाटते. एकाने पुस्तक दिले, एकाने पत्र लिहिले, एकाने वाद घालूनही पाठीशी उभे राहणे पसंत केले. तीन वेगळी माणसे, तीन वेगळी कामे.

कॉम्प्युटर सायन्समध्ये अशा माणसाची गरज जास्त आहे, कारण या विषयाच्या काही रीती इतर विषयांपेक्षा निराळ्या आहेत. इथे उत्तम काम बऱ्याचदा जर्नलआधी कॉन्फरन्समध्ये येते आणि चांगल्या कॉन्फरन्सची निवड जर्नलइतकीच कडक असते. हे ठाऊक नसलेला मुलगा व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘सात दिवसांत पेपर छापून मिळेल’ या जाहिरातीला भुलतो आणि फेलोशिपचेच पैसे मोजतो. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र तपासा. यूजीसीची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे कोणते जर्नल खरे आणि कोणते दुकान, हे आता स्वतःलाच ओळखावे लागते. डीबीएलपी या मोफत सूचीत ती कॉन्फरन्स दिसते का, तिच्या समितीतली माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मी फसवणूक टळते. उरलेली निम्मी टाळायला जाणता माणूस लागतो. अर्काइव्हवर पहिला लेख टाकायलासुद्धा अनेकदा आधीच्या लेखकाची शिफारस लागते.

मेंटॉर मिळाल्यावर काय होते, याचे उदाहरण पुण्यात आहे. एल-थ्री-क्यूब या गटाने मेंटॉरशिप कार्यक्रमातून इंजिनिअरिंगच्या, तेही पदवीच्या, विद्यार्थ्यांना हाताशी धरले आणि मराठी भाषेवर काम करून घेतले. २०२१ मध्ये त्यांचा ‘महासेंट’ आला : सुमारे १६ हजार मराठी ट्वीट, प्रत्येकावर भाव सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ याची खूण. मग ‘महानेर’, मग ‘महाहेट’ : २५ हजारांहून अधिक ट्वीट द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नाही, अशा चार गटांत वाटलेली. हे सारे कोणालाही वापरायला खुले आहे. या मुलांकडे महासंगणक नव्हता. मराठी होती, वाचून खूण करण्याची चिकाटी होती आणि पुढची पायरी कोणती हे सांगणारा माणूस होता.

आता विचार करा. मराठीतला कोणता शब्द जातीय शिवी आहे आणि कोणता नाही, हे कोण ठरवणार? कित्येक शब्द वरवर साधे असतात. गावच्या पारावर ते कोणाला आणि कसे वापरले जातात, हे ज्याने ऐकले आहे त्यालाच त्यातला डंख कळतो. ट्वीटवर खुणा करायला तसा माणूस नसेल तर मशीनही तो डंख शिकणार नाही. पाथरी किंवा मानवतच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या मुलीकडे हे ज्ञान आहे. ते संशोधनाचा विषय होऊ शकते, एवढेच तिला कोणी सांगितलेले नाही.

दुसरा विषय परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नाहेप प्रकल्पाखाली रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. यूजीसीच्या नियमांत आंतरविद्याशाखीय कामासाठी सहमार्गदर्शक घेता येतो. गाईड नांदेडच्या विद्यापीठाच्या कक्षेतला आणि सहमार्गदर्शक कृषी विद्यापीठातला, अशी जोडी जमवता येईल का, हे विचारून पाहायला पैसे पडत नाहीत. सोयाबीनच्या पानावरचा रोग ओळखणारा प्रबंध बाहेरून उतरवलेल्या फोटोंवर करण्यापेक्षा इथल्या शेतातल्या फोटोंवर केलेला केव्हाही बरा.

बाहेरची दारेही आहेत. एसीएम इंडियाची ‘अन्वेषण सेतू’ फेलोशिप पीएच.डी. विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधकाकडे काही आठवडे काम करू देते. परदेशी कॉन्फरन्ससाठी प्रवासखर्चाची मदत आहे, उन्हाळी आणि हिवाळी शाळा आहेत. प्रोग्रॅमिंग भाषांत काम करणाऱ्यांसाठी ‘सिगप्लॅन-एम’ जगभरातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन मेंटॉर जोडून देते. नोकरी लागल्यावर अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे वेगळे अनुदान आहे, तेही लक्षात असू द्या.

अनोळखी प्राध्यापकाला ईमेल करताना मात्र आपल्या मुलांचा हात थरथरतो. मग एक तर ‘आदरणीय महोदय, कृपया मला मार्गदर्शन करावे’ एवढेच जाते, नाही तर अख्खा बायोडेटा जातो. दोन्हींना उत्तर येत नाही. दहा ओळी पुरतात. त्यांचा अमुक पेपर वाचला, त्यातला अमुक प्रयोग मी स्वतः चालवून पाहिला, मराठीच्या माहितीवर निकाल इतका घसरला, कारण हे असावे असे वाटते, वीस मिनिटे बोलाल का? सोबत कोडची लिंक. इंग्रजी साधे असू द्या. व्याकरणापेक्षा केलेले काम वाचले जाते. दोन आठवड्यांत उत्तर नाही आले, तर एकदा आठवण करा आणि मग दुसऱ्याला लिहा. आयआयटीतल्या माणसाने उत्तर दिले नाही म्हणजे त्याने जात ओळखली, असे लगेच धरू नका. कधी तसेही असते. बहुतेक वेळा मात्र त्याचा ईमेल तुंबलेला असतो.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. नियमाने महिला संशोधकांना जास्तीची दोन वर्षे आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. हे माहीत नसल्यामुळे लग्नानंतर नोंदणीच सोडून देणे, हे व्हायला नको. अशा वेळी घरच्यांशी बोलायलाही एखादी ताई लागते, जिने स्वतः हे पार केले आहे.

आणि हिंजवडीत, बंगळुरूत बसलेल्या आपल्याच इंजिनिअर मंडळींना : जयंतीची वर्गणी तुम्ही देता, ती द्याच. पण महिन्यातून दोन तास एका संशोधकाला द्या. ‘काही लागले तर सांग’ असे म्हणू नका, तो सांगणार नाही. पहिल्या रविवारी सकाळी दहाला कॉल, असे ठरवा. त्याचा पेपर वाचा, कोडमधली चूक दाखवा, मुलाखतीची तयारी करून घ्या, शिफारसपत्र लिहू शकेल अशा माणसाशी ओळख करून द्या. सगळे एकाच माणसाला जमत नाही; एकाने कोड पाहावा, दुसऱ्याने इंग्रजी.

नुकतीच नोंदणी झालेल्यांनी या आठवड्यात एक काम करावे. शोधगंगेवर आपल्या गाईडचे आधीचे प्रबंध उघडा. नोंदणीपासून पदवीपर्यंत किती वर्षे लागली ते पाहा. त्यातल्या एकाला फोन लावा आणि विचारा की सल्लागार समितीच्या सहामाही बैठकीत काय विचारतात, आणि पहिल्या वर्षी कोणते काम उरकायला हवे होते.