हिमरूची उलटी बाजू

सुरतेत पर्वत पाटियाहून सारोलीकडे निघालं की कापडबाजार सुरू होतो. संपादकांना शेरवानीच्या कापडावर लेख हवा होता, म्हणून आधी इथे आलो. वेलबुट्टीच्या पॉलिएस्टरची थानंच्या थानं, तोंडवळा थेट हिमरूचा! शेजारच्या लिंबायतमध्ये खानदेशी माणूस याच धंद्यावर घर चालवतो, त्यामुळे सुरतेला नावं ठेवणं मला जमणार नाही.

हिमरू म्हणजे सूत-रेशमाचं नक्षीदार कापड. खरं हिमरू औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. महंमद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादला नेली, तेव्हा त्याच्यामागून विणकर आले असं सांगतात. इराणी वेली, अजिंठ्याची फुलं आणि दख्खनचं सूत एका कापडात आलं आणि निजामी राजवटीत त्याच्या शेरवान्या झाल्या.

मला भुरळ घातली ती जुन्या मागाने. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा, मदतनीस वर. नक्षीच्या प्रत्येक ओळीला मदतनिसाने ठरलेले दोरे ओढायचे, ताण्याचे तेवढेच सुती धागे उचलले जायचे आणि खालच्याने त्यातून रेशमाचा धोटा फेकायचा. अख्खी नक्षी त्या दोऱ्यांच्या जाळ्यात आधीच बांधलेली असे. पुढे जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे आले आणि वर बसणाऱ्याचं काम गेलं.

कापड उलटून बघा. नक्षीत न आलेलं रेशीम मागे सुटं राहतं. त्यानेच ऊब येते, पण अंगठी अडकली की धागा ओढला गेलाच! म्हणून हिमरूच्या शेरवानीला अस्तर हवंच.

हैदराबादेत सुरैया हसन बोस (1928–2021) यांनी बंद पडत चाललेलं हिमरू पुन्हा मागावर चढवलं, विधवांना विणकाम शिकवलं. काका आझाद हिंद सेनेतले आबिद हसन सफरानी, सासर सुभाषबाबूंच्या घराण्यातलं. सरमिसळ घरातच होती म्हणायची.

पण एका बाईच्या जिद्दीवर धंदा किती तगणार? हाताचा वेग यंत्रमागापुढे टिकत नाही, मजुरी परवडत नाही, पोरं मागावर बसत नाहीत. गिऱ्हाईक शेरवानी घेतं लग्नापुरती आणि भावही लग्नघाईतच करतं. त्यात यंत्रमागाचा माल हिमरू म्हणून खपवला जातो. नक्कल स्वस्तात विकायला हरकत नाही. नाव तरी दुसऱ्याचं लावू नये.

तेव्हा घेण्याआधी कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, सूत कागदासारखं जळतं. वितळून कडक मणी झाला, तर ते पॉलिएस्टर; त्याला हिमरूचा भाव देऊ नका.