दोन तक्ते, एक माजरी

चंद्रपूर आणि गडचिरोली, या दोनच ओळींचे दोन तक्ते घ्या. पहिल्यात २०११च्या जनगणनेची लोकसंख्या: गडचिरोली १०,७२,९४२, चंद्रपूर २२,०४,३०७. दुसऱ्यात क्षेत्रफळ: चंद्रपूर ११,४४३ चौरस किलोमीटर, गडचिरोली १४,४१२. पहिला मराठी वर्णक्रमाने लावलेला, म्हणून ग वर. दुसरा इंग्रजी क्रमाने, म्हणून चंद्रपूर वर. दुसऱ्यातला स्तंभ उचलून पहिल्याशेजारी चिकटवला आणि भागाकार केला, की चंद्रपूरची घनता १५३ येते, गडचिरोलीची ९४. खरे आकडे आहेत १९३ आणि ७४. चुकीच्या उत्तरातही गडचिरोली विरळ आणि चंद्रपूर दाटच दिसते. शंका यावी असे त्यात काही नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

संख्याशास्त्रासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत ‘सीबाइंड’ नेमके हेच करते. ओळींची संख्या सारखी असली की स्तंभ शेजारी ठेवते. ओळींची नावे पडताळत नाही. ‘मर्ज’ला मात्र जोडणी ‘रो नेम्स’वरून, म्हणजे ओळींच्या नावांवरून, करायला सांगता येते. मग क्रम कसाही असो, गडचिरोलीपुढे गडचिरोलीच येते. पण त्याच्याही सवयी ठाऊक हव्यात. जोडीदार न सापडलेली ओळ ते गुपचूप गाळते. ‘ऑल’ला ‘ट्रू’ म्हटले तरच ठेवते आणि रिकाम्या जागी ‘एनए’ लिहिते. ओळींची नावे निकालात साध्या स्तंभात उतरतात.

आता भद्रावती तालुक्यातल्या माजरीकडे या. जनगणनेच्या तक्त्यात माजरी म्हणजे वस्ती. रेल्वेच्या तक्त्यात ते जंक्शन, जिथून वणी-आदिलाबादकडे फाटा फुटतो. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या तक्त्यात माजरी म्हणजे अख्खे क्षेत्र. त्यात वरोरा तालुक्यातली एकोना खाणही येते. तिन्हीकडे अक्षरे तीच, म्हणून ‘मर्ज’ बिनतक्रार जोडून टाकेल, आणि अनेक खाणींचा कोळसा एका गावाच्या नावावर जमा होईल. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच वागले. ‘माजरी म्हणजे काय’ हे ठरवण्याचे काम तक्ता मांडणाऱ्याचे.

उलटही घडते: जागा एक, नावे दोन. भद्रावतीचे रेल्वे स्थानक भांदक. देसाईगंज तालुक्याच्या गावाला लोक वडसा म्हणतात, आणि वनखात्याचा विभागही वडसा. पण देसाईगंज तालुका आणि वडसा विभाग या दोन ओळी जुळवून टाकण्याआधी थांबा: वडसा वनविभाग आरमोरी, कुरखेड्यापर्यंत पसरलेला आहे. जंगलाचे आकडे वनविभागानुसार, शेतीचे तालुक्यानुसार आणि मलेरियाचे प्राथमिक आरोग्य केंद्रानुसार मिळतात. हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय या भागाचे दुखणे कळणार नाही, म्हणून हे काम मला कारकुनी वाटत नाही. पण ज्यांच्या हद्दीच वेगळ्या, ते नुसत्या नावांनी जुळत नाहीत. आधी गावाच्या पातळीवर उतरावे लागते.

गावांच्या यादीत आणखी एक पेच आहे. इथल्या नावांना माल, चक, तुकूम, रिठ अशी पदे लागतात. यादी ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात ही पदे छाटली, की दोन वेगळी गावे एकाच नावाची होतात. स्तंभावरून जोडणी केली, एका बाजूला तेच नाव दोनदा आणि दुसऱ्या बाजूला तीनदा असले, तर निकालात सहा ओळी उगवतात आणि बेरीज फुगते. ओळीचे नाव म्हणून वापरले तर ‘डेटा फ्रेम’, म्हणजे ‘आर’मधला तक्ता, दुबार नाव स्वीकारतच नाही, तिथेच अडवते. ही अडवणूक मोलाची आहे. चंद्रपूर आणि चंद्रपुर, किंवा शेवटी राहिलेली एक मोकळी जागा, यंत्राला दोन जिल्हे वाटतात हेही विसरू नये.

म्हणून ओळीला नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक द्यावा आणि नाव शेजारच्या स्तंभात ठेवावे. तो कोणत्या वर्षाचा हेही लिहावे, कारण २००१मध्ये गावाचा संकेतांक आठ अंकी होता, २०११मध्ये सहा अंकी झाला. १९८१पर्यंत मागे गेलात तर गडचिरोलीच सापडणार नाही. तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. १९८१च्या तक्त्याशी जोडताना त्याच्यापुढे ‘एनए’ आले तर तिथे शून्य भरू नका. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करून जुन्या चंद्रपूरशी ताडा. आणि तालुक्यांचे तक्ते जोडल्यावर लगेच ओळी मोजा: चंद्रपूरचे पंधरा, गडचिरोलीचे बारा, तालुके सत्तावीसच भरले पाहिजेत.