हरवलेले गुणसूत्र आणि साखर

१९३८ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील डॉ. हेन्री टर्नर यांनी सात रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ठेंगणा बांधा, मानेच्या दोन्ही बाजूंना त्वचेच्या घड्या आणि वयात येण्याच्या खुणांचा अभाव, ही लक्षणे त्यांच्यात एकत्र दिसत होती. कारण उलगडले १९५९ साली इंग्लंडमध्ये. चार्ल्स फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा एका मुलीच्या पेशींत दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र आढळले. सुमारे २,००० ते २,५०० मुलींमागे एकीत दुसरे एक्स संपूर्ण किंवा अंशतः नसते.

टर्नर सिंड्रोम म्हटले की चर्चा होते ती उंचीची आणि पाळीची. रक्तातील साखर बाजूला राहते. वास्तविक १९९८ सालच्या डॅनिश पाहणीत या स्त्रियांना टाइप २ मधुमेहाचा धोका चौपटीहून अधिक दिसला. टाइप १चा धोका त्याहूनही जास्त.

असे का? वजन, गोड खाणे, इस्ट्रोजेनची कमतरता ही उत्तरे चटकन सुचतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००४ साली यांची तुलना अकाली अंडाशय निकामी झालेल्या, पण दोन्ही एक्स असलेल्या स्त्रियांशी केली. वय आणि अंगकाठी सारखीच होती. तरीही ग्लुकोज दिल्यावर टर्नर असलेल्या स्त्रियांचे स्वादुपिंड इन्शुलिन कमी सोडत होते आणि साखर अधिक चढत होती. म्हणजे मुळातली उणीव त्या हरवलेल्या गुणसूत्राशी जोडलेली आहे.

यातच फसगत आहे. उपाशीपोटीची साखर पुष्कळदा ठीक येते. चढते ती खाल्ल्यानंतर. त्यामुळे एकच सकाळचा अहवाल पाहून निश्चिंत होता येत नाही. उंचीसाठी दिले जाणारे वाढ-संप्रेरक इन्शुलिनचा प्रभाव काहीसा कमी करते, पण उपचार थांबल्यावर तो परिणाम बहुधा ओसरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दहाव्या वर्षापासून दरवर्षी, आयुष्यभर, एचबीए१सी तपासावे. सोबत हवी तर उपाशीपोटीची साखर.

‘आयुष्यभर’ हा शब्द महत्त्वाचा. उंची वाढायची थांबली की बालरोगतज्ज्ञांकडच्या फेऱ्या संपतात, आणि नेमका त्यानंतर मधुमेहाचा धोका वाढत जातो. चालणे, व्यायाम, वजनावर लक्ष यांचा उपयोग निश्चित होतो. मात्र साखर वाढलीच, तर ‘तूच पथ्य पाळले नाहीस’ असे तिला ऐकवण्याआधी ते न दिसणारे गुणसूत्र आठवावे.