नित्याचे धोतर, प्रवासाचे धोतर

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे, पश्चिमेस नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतचा पर्जन्यबहुल डोंगरपट्टा, मध्ये कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठची बागायती खोरी, आणि पूर्वेस बेल्हे-आणे यांच्याकडील कोरडा माळ, असे तीन भाग पडतात. आणि या तिन्ही भागांतील पुरुषांचे नित्याचे वस्त्र एके काळी धोतर हेच असले, तरी ते सर्वत्र एकाच सुताचे, एकाच लांबीचे आणि एकाच रीतीने नेसलेले कधीही नव्हते. आवणीच्या चिखलात गुडघ्यावर खोचलेले आखूड, जाडेभरडे धोतर वेगळे. मंचरच्या किंवा नारायणगावच्या बाजारास निघताना नेसलेले घोट्यापर्यंतचे दुटांगी धोतर वेगळे. आणि जुन्नरच्या अथवा घोडेगावच्या मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन जाताना पेटीतून काढलेले बारीक सुताचे, परीटघडीचे धोतर आणखी वेगळे. कामाप्रमाणे वस्त्र निवडण्याचा हा विवेक घराघरांत होता, आणि तो कोणी कोणास मुद्दाम शिकवावा लागत नसे.

आता लेंगा आणि पँट यांनी धोतराची जागा घेतली आहे. नित्य नेसणारे उरले ते बहुतांशी वृद्ध आणि वारकरी. इतरांच्या वाट्यास ते लग्नमुंजीपुरतेच येते, आणि म्हणूनच कापडदुकानात धोतर मागितले की बहुधा जरीकाठी, झगझगीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसविलेले धोतर पुढे केले जाते. उन्हाळ्यात अंगाला वारा लागावा, भुईवर सुखाने मांडी घालता यावी, यात्रेत ओझे कमी व्हावे, एवढ्यासाठी ज्या तरुणास हे वस्त्र पुन्हा स्वीकारावेसे वाटते, त्याने त्या खोक्याकडे पाठ फिरवावी आणि प्रथम सुताची चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुताच्या नंबराचा अर्थ सोपा आहे. 840 वार सुताची एक लडी, अशा जितक्या लड्या मिळून एक पौंड वजन भरते, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरी सूत पौंडात 33,600 वार भरते, तर ऐंशी नंबरी सूत 67,200 वार. नंबर चढत जातो तसतसे सूत बारीक होते, कापड तलम होते आणि किंमतही वाढते. बाभळीच्या काट्यांतून, उसाच्या पाचटातून आणि बैलांमागून हिंडणाऱ्या माणसास चाळीस नंबरीच योग्य. ज्याचे काम दुकानात, शाळेत किंवा देवळात आहे आणि ज्यास धोतर घरीच धुवावयाचे आहे, त्यास साठ नंबरीच्या आसपासचे धोतर सर्वांत सोयीचे पडते. शंभर नंबरी दिसावयास सुंदर खरे. पण नित्याच्या वापरात ते दारातील कोयंड्यास अडकून फाटते, आणि आत दुसरे वस्त्र नसेल तर अंग झाकण्याच्या मूळ कर्तव्यासही उणे पडते.

सुताइतकेच खळीकडे लक्ष द्यावे. हलक्या, विरळ विणीच्या कापडास भरपूर खळ चढविली की ते हातास भरदार लागते, आणि पहिल्याच धुण्यात त्याची जाळी होते. म्हणून घडी उलगडून कापडाचा एक कोपरा दोन्ही अंगठ्यांत धरून चोळावा. पांढरी पूड झडली तर ते खाली ठेवावे. मग ते उजेडासमोर धरावे, आणि वीण सर्वत्र सारखी आहे की मध्येच विरळ पडली आहे हे पाहावे. रंगीत काठावर ओला रुमाल घासावा, कारण रंग सोडणारा काठ उरलेले सर्व धोतर खराब करतो. काठ अरुंद असला तरी चालेल, परंतु तो घट्ट विणलेला हवा. धोतर फाटू लागते ते पुष्कळदा काठापासूनच. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेले धोतर चटकन वाळते आणि स्वस्त मिळते हे खरे. पण घामात ते अंगास चिकटते, आणि चुलीची किंवा शेकोटीची ठिणगी पडली तर सुती कापडासारखे जळून राख न होता वितळून कातडीस बिलगते. ज्यांचे जीवन अजून विस्तवाजवळ आहे त्यांनी ते घेऊ नये.

पन्हा आणि लांबी यांची निवड देहमानावरून करावी. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप घेऊन त्याहून चार बोटे अधिक एवढा पन्हा पुरे. त्याहून मोठा असला तर निऱ्या पायात येतात. लांबीस चार वार, म्हणजे सुमारे 3.66 मीटर, सडपातळ माणसास पुरतात. स्थूल माणसास किंवा ज्यास ऐसपैस दुटांगी नेसावयाचे आहे त्यास पाच वार लागतात. डोंगरपट्ट्यात आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तेथे लांबीचा एकेक हात वाळविण्याची एकेक अडचण होऊन बसतो. तेथे आखूडच बरे. मोटारसायकल चालविणाऱ्याने तर लोंबता सोगा ठेवूच नये. तो कमरेस घट्ट खोचावा, नाहीतर चाकात जाण्याचे भय असते.

प्रवासात या वस्त्राचे खरे गुण प्रकट होतात. आळंदीहून पंढरपुरापर्यंतच्या पायी वारीत ज्याच्यापाशी दोन धोतरे आहेत, एक अंगावर आणि एक खांद्यावर वाळत, त्यास तिसऱ्या वस्त्राची आवश्यकता सहसा पडत नाही. मुक्कामी तेच अंथरूण होते, तेच पांघरूण, नीरेच्या स्नानानंतर तेच अंगपुसणे, आणि दुपारच्या उन्हात तेच डोक्यावर. चार पैसे कनवटीस लावले की निराळी पिशवीही नको. एस.टी.ने दक्षिणेकडे यात्रेस निघालेल्या मंडळींनाही त्याचा उपयोग होतो. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषास पँट घालून प्रवेश मिळत नाही. अशा वेळी चार वारांचे साधे धोतर दुमडून तिकडच्या मुंडूप्रमाणे गुंडाळता येते, आणि मंदिरापुढील दुकानात घाईघाईने दुसरे वस्त्र विकत घेण्याचा प्रसंग टळतो. शिवलेले, कमरेस पट्टी लावलेले तयार धोतर अशा वेळी केवळ धोतरच राहते, त्याचे दुसरे काही होत नाही. लहान मुलांसाठी ते ठीक आहे, प्रवाशासाठी नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील किल्टाची कथा येथे आठवते. तोही मुळात शिवलेला नव्हता. लोकरीचा लांब पट्टा अंगाभोवती चुण्या घालून कमरपट्ट्याने आवळीत, आणि रात्री तोच पांघरीत. 1746 च्या कायद्याने त्या पेहरावास मनाई झाली, 1782 मध्ये ती उठली. परंतु दरम्यान आणि पुढे तो शिवलेला, चुण्या पक्क्या केलेला, सुमारे आठ वार लोकरी कापड खाणारा समारंभाचा महाग पोशाख झाला, आणि आज ज्यास तो रोज नेसावयाचा आहे त्यास हलक्या, स्वल्पमूल्य किल्टाचा शोध घ्यावा लागतो. श्रमाचे वस्त्र मांडवात जाऊन बसले की त्याची किंमत वाढते आणि उपयोग घटतो. आपल्या धोतराचे नेमके हेच होत आहे, आणि याचे मला मनापासून दुःख वाटते.

स्वस्त म्हणजे कमी दामाचे, असा मात्र अर्थ नव्हे. आपल्याकडे धोतर हा इतका सार्वत्रिक जिन्नस होता की हातमागाच्या रक्षणार्थ सरकारने गिरण्यांच्या धोतरांवर, ठरवून दिलेल्या कोट्याबाहेरच्या उत्पादनास, 1953 मध्ये जादा अबकारी कर बसविला, आणि 1985 च्या कायद्यान्वये हातमागासाठी जे जिन्नस राखून ठेवले त्यांत धोतर आजही आहे. हातमागाचे धोतर यंत्रमागाच्या धोतराहून महाग पडते, हे कबूल केले पाहिजे. परंतु हिशेब वर्षांचा मांडावा. चांगले सुती धोतर मध्यभागी विरले की जुन्या गृहिणी विरलेला पट्टा कापून काढीत आणि दोन्ही धड भाग जोडून दंड घालीत. असे दंड घातलेले धोतर शेतावर आणखी पुष्कळ दिवस चाले. त्यानंतर त्याचे दुपटे होई, चक्का बांधण्याचे फडके होई, आणि अखेरीस ते गोधडीच्या पोटात जाई. जरीकाठी धोतर असे वापरता येत नाही. ते नवे असताना मिरवते, आणि जुने झाल्यावर पेटीत अडगळ होते.

खरेदी करताना शक्य तर जोडीच घ्यावी, कारण एकट्या पानापेक्षा ती बहुधा स्वस्त पडते आणि प्रवासास दोन लागतातच. दोन्ही पाने कापून अलग केल्यावर कापलेल्या कडा लगेच दुमडून शिवाव्यात, नाहीतर दशा सुटत जाऊन वीत-वीत कापड वाया जाते. प्रथम रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढावी, त्यानंतर साबण. नीळ अगदी थोडी, आणि ती पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच. नवे सुती कापड पहिल्या दोन धुण्यांत थोडे आटते, तेव्हा वारीस किंवा यात्रेस निघण्यापूर्वी दोनदा धुऊन, एकदा दिवसभर नेसून आणि चालून पाहावे. निऱ्या कोठे सुटतात, कासोटा किती घट्ट हवा आणि पन्हा आखूड पडतो की लांब, हे घरच्या अंगणातच कळून येते, आणि लांब पडलाच तर कमरेशी एक पट अधिक दुमडून काम भागते.