न वाचलेल्या पत्राचे आभार

बँकॉकमधल्या ज्या आंतरराष्ट्रीय शाळेत मी कॉलेज काउन्सेलर आहे, तिथं सप्टेंबर लागला की माझ्या टेबलावर दोन गठ्ठे जमतात. एक मुलांनी स्वतःबद्दल भरलेल्या फॉर्मचा, दुसरा आईवडिलांनी मुलांबद्दल भरलेल्या फॉर्मचा. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अर्जासोबत काउन्सेलरचं पत्र मागतात, शिवाय एकदोन विषयशिक्षकांची. त्या पत्रासाठी हा कच्चा माल. पालक हौसेनं पदकं, प्रमाणपत्रं, ऑलिंपियाडचे क्रमांक लिहितात. ते सगळं अर्जात असतंच. पत्रात पुन्हा आलं की वाचणारा पुढचा अर्ज उघडतो. मला हवी असलेली ओळ बहुधा फॉर्ममध्ये नसतेच.

याओवारात म्हणजे इथलं चायनाटाउन. तिथल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा माझ्याकडे होता. आईनं फॉर्मभर गणिताची बक्षिसं लिहिलेली. गप्पांत कळलं, की शनिवारी तो आजोबांशेजारी गल्ल्यावर बसतो. आजोबा तेओच्यू बोलीत माल सांगतात, हा संगणकावर चढवतो. आजोबांच्या तोंडची खिळ्या-स्क्रूंची नावं कुठल्याच यादीत सापडेनात, तेव्हा त्यानं वहीत स्वतःचीच यादी केली. हे सांगताना तो ओशाळला होता. दुकानात बसणं ही काय सांगायची गोष्ट! पत्र मी तिथूनच सुरू केलं. बक्षिसं एका वाक्यात आटोपली.

हे पत्र त्यानं वाचलेलं नाही, वाचणारही नाही. अमेरिकेच्या 1974च्या कायद्यानुसार कॉलेजात दाखल झाल्यावर विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहता येतात, पण अर्ज भरतानाच शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क सोडता येतो आणि बहुतेक मुलं तो सोडतात. पत्र मोकळेपणानं लिहिलं गेलं, असा विश्वास वाचणाऱ्याला वाटावा म्हणून. म्हणजे मुलं माझे आभार मानतात, ते न पाहिलेल्या कामाचे. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही, मोठा विश्वास दिसतो. आणि त्याची जबाबदारी ऑक्टोबरभर मानेवर असते.

मी स्वतः महाराष्ट्रातली. बारावीचे टक्के, सीईटीचा नंबर, कॅप राउंडची यादी, संपलं. माझ्याबद्दल कुणी चार ओळी लिहाव्यात अशी वेळच आली नाही. त्या पद्धतीत ओळखीपाळखीला वाव कमी, हे मी आजही मान्य करते. इथं चांगलं पत्र मिळायला आधी चांगली, म्हणजे महागडी, शाळा परवडावी लागते. तरीही एका मुलाबद्दल दीड पान लिहायचं म्हणून त्याच्याकडे नीट पाहावं लागतं, हे या नोकरीनं मला दिलं.

थायलंडमध्ये आभार मानायचीही एक रीत आहे, ‘वाय ख्रू’. शाळेचं वर्ष सुरू झालं की एखाद्या गुरुवारी मुलं शिक्षकांपुढे गुडघ्यांवर येऊन फुलांचं तबक ठेवतात. त्यात दूर्वा असतात, कारण त्या तुडवल्या तरी पसरत राहतात. वांग्याची फुलं असतात, कारण ती खाली झुकलेली असतात. इक्झोराच्या टोकदार कळ्या असतात, तल्लख बुद्धीसाठी. पहिल्या वर्षी तबकात दूर्वा पाहून मी चपापले. आपल्याकडे त्या गणपतीला, इथं माझ्यापुढे. आमच्या शाळेत थाई विभाग हा सोहळा करतो आणि फ्रेंच शिकवणाऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळे खुर्च्यांवर अवघडून बसतो.

पुढचं वर्ष घड्याळाचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयचे अर्ज 15 ऑक्टोबरला लंडनच्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे बँकॉकच्या मध्यरात्रीपर्यंत जातात. मार्चअखेर अमेरिकेचे मोठे निकाल तिकडे संध्याकाळी सातला लागतात, तेव्हा इथं सकाळचे सहा वाजलेले असतात. मुलं अंथरुणातच निकाल उघडतात आणि दीडदोन तासांत शाळेच्या फाटकातून आत येतात. कुणाचं काय झालं ते चालण्यावरून कळतं. त्या दिवशी मी कुणाला काही विचारत नाही.

आणि मग आभार सुरू होतात. सुखुमवितला राहणारी एक मराठी आई पेढ्यांचा डबा घेऊन आली. “ताई, तुमच्यामुळे झालं हो.” माझ्यामुळे झालं नव्हतं. मुलगी हुशार होती आणि तिच्या फिजिक्सच्या सरांनी तिच्याबद्दल असं पत्र लिहिलं होतं, की वाचून मी माझं पत्र पुन्हा लिहायला बसले. शिक्षकांना या पत्रांसाठी वेगळा वेळ नसतो, रविवार जातो. डबा मी स्टाफरूममध्ये ठेवला. सरांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “कशाबद्दल?” आपली विद्यार्थिनी कुठं लागली हे त्यांना तेव्हा कळलं.

हे दरवर्षी होतं. पत्र मागायला मुलं न चुकता जातात, निकाल सांगायला फार थोडी. तुमच्या घरचं कुणी परदेशी शिकायला अर्ज करत असेल तर शिक्षकांना पत्राची विनंती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी करा, आणि निकाल लागला की, होकार असो वा नकार, त्याच आठवड्यात त्यांना दोन ओळी लिहायला लावा. पेढे नंतर दिलेत तरी चालतील.