ओरॅकलकडून पोस्टग्रेसकडे : काय हलते, कशाने हलते

स्थलांतर म्हणजे एका डेटाबेसमधली रचना, नोंदी आणि प्रोसीजर दुसऱ्यात नेणे. नोंदी हलवणे त्यातल्या त्यात सोपे. वेळ खातात त्या ओरॅकलच्या पीएल-एसक्यूएल भाषेतल्या प्रोसीजर.

दोन्ही टोके : ओरॅकल १९७९ पासून बाजारात; परवाना विकत घ्यावा लागतो. पोस्टग्रेसचे 'पोस्टग्रेसक्यूएल' हे पूर्ण नाव १९९६ चे. मुक्त स्रोत, परवाना शुल्क नाही.

साधने
- ओरा-टू-पीजी : मोफत. रचना आणि कोड बदलून देते, कामाला किती मेहनत लागेल याचा अंदाजही काढते.
- अ‍ॅमेझॉनची डेटाबेस मायग्रेशन सर्व्हिस (२०१६), ओरॅकलचे गोल्डनगेट : जुना डेटाबेस चालू असतानाच त्यातले बदल नव्याकडे पाठवत राहतात.

ठेच लागते ती इथे : ओरॅकल रिकाम्या मजकुराला 'नल' (मूल्यच नाही) समजते, पोस्टग्रेस दोन्ही वेगळे धरते. ग्राहकाचे मधले नाव रिकामे असेल, तर 'नल' शोधणारी क्वेरी ओरॅकलमध्ये त्याला पकडते. तीच क्वेरी पोस्टग्रेसमध्ये त्याला सोडून देते, आणि एरर येत नाही. ओरॅकलच्या 'डेट'मध्ये वेळही असते. पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये फक्त तारीख.

देखरेख : ओरॅकलमध्ये एडब्ल्यूआर हा कामगिरीचा अहवाल (त्याला डायग्नोस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो, हे विसरू नये). पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स कोणती क्वेरी किती वेळ घेते ते नोंदवते. प्रोमिथियस आकडे गोळा करते, ग्राफाना आलेख काढते.

मोठे उदाहरण : सुमारे ७,५०० अंतर्गत ओरॅकल डेटाबेसमधला ७५ पेटाबाइट डेटा स्वतःच्या डेटाबेस सेवांवर हलवल्याचे अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले.