'नसती उठाठेव' म्हणजे नेमकं काय? रोजच्या शब्दाचा अर्थ आणि वापर

गडमुडशिंगी (ता. करवीर) : "कशाला नसती उठाठेव करतंय ह्ये?" पारावर असो, दूध संस्थेच्या रांगेत असो, हे वाक्य गावात कानावर पडतंच. पण 'उठाठेव' म्हणजे नेमकं काय?

शब्दातच अर्थ आहे. उठवायचं आणि ठेवायचं. दिवसभर पोती या भिंतीची त्या भिंतीला लावली आणि संध्याकाळी परत जागेवर आणली, तर घाम निघतो, पण काम काहीच होत नाही. यावरूनच फुकाच्या कष्टाला आणि नको तिथं नाक खुपसण्याला 'उठाठेव' म्हणू लागले. पुढं 'नसती' लावलं की टोमणा आणखी लागतो.

जवळचे शब्द, पण अर्थ वेगळे

- खटाटोप : धडपड मोठी असते, पण तिला काहीतरी हेतू असतो.
- उपद्व्याप : कामापेक्षा त्रासच जास्त.
- लष्कराच्या भाकऱ्या भाजणे : घरचं खाऊन दुसऱ्यासाठी फुकट राबणे.
- अव्यापारेषु व्यापार : ज्याच्याशी संबंध नाही, त्यात हात घालणे. पंचतंत्रातल्या माकडानं अर्धवट चिरलेल्या ओंडक्याची पाचर उपटली आणि त्यातच अडकून जीव गमावला, ती ही गोष्ट.

शेतातलं उदाहरण

ऊस गेल्यावर पाला पेटवायचा आणि नंतर जमिनीचा कस गेला म्हणून पैसे मोजून खत आणायचं, ही खरी उठाठेव. तोच पाला सरीत कुजवला तर जमिनीत ओल टिकते आणि सेंद्रिय खतही होतं.

शब्द कुठं चुकीचा वापरला जातो?

ग्रामसभेत कुणी गटारीच्या किंवा रस्त्याच्या खर्चाचा हिशोब विचारला की "तुला कशाला नसती उठाठेव?" म्हणून गप्प बसवलं जातं. इथं हा शब्द बसत नाही. पैसा गावाचा आहे, म्हणजे विचारणाऱ्याचाही आहे. ग्रामसभा वर्षातून किमान 4 वेळा घ्यावी लागते, ती असे प्रश्न विचारण्यासाठीच. तिथं उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहे. अर्जाची फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ. साधारणपणे 30 दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे.

उलट, एका दाखल्यासाठी माणसाला "उद्या या" म्हणून चार हेलपाटे मारायला लावणं, रोजगार बुडवून त्याच कागदाची पुन्हा पुन्हा झेरॉक्स मागणं, याला उठाठेव म्हणायला कुणाची हरकत नसावी. फरक एवढाच, की ही उठाठेव माणूस हौसेनं करत नाही, त्याच्याकडून ती करून घेतली जाते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हा शब्द तोंडावर मारला तर आधी बघायचं : काम खरंच बिनकामाचं आहे, की त्या प्रश्नानं कुणाची तरी अडचण होतीया?